एंजल ओक दीड हजार वर्षांचा नाही

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाला फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय : "चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स आयलंडवरचा एंजल ओक १५०० वर्षांचा आहे, फांदीवर बसून फोटो काढाच." यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

एंजल ओक हे लाइव्ह ओक जातीचं एक भलंमोठं झाड आहे. ते ज्या उद्यानात आहे, ते चार्ल्स्टन शहराच्या मालकीचं आहे. झाडाचं वय साधारण ४०० ते ५०० वर्षं असल्याचा अंदाज आहे. बुंध्याचा घेर जवळपास २८ फूट, त्यामुळे मोठा आकडा सहज पटतो. पण मोकळी जागा आणि दमट किनारी हवा मिळाली की लाइव्ह ओक भराभर जाडावतो. नुसत्या घेरावरून वय काढता येत नाही.

फांद्यांचं मात्र खरंच मनावर घ्या. काही फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर वळल्यात, काहींना टेकू दिलेत. सालीवरचं नेचं उन्हात करडं, वाळकं दिसतं आणि पाऊस पडला की हिरवंगार होतं. कुणी चढलं की आधी तेच खरवडून निघतं. चढायला तिथे मनाई आहे. प्रवेश मोफत आहे, जरूर जा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.