सायलेन्सर मोकळा केला म्हणून इंजिन मोकळं होत नाही

सायकलला बसवायच्या टू-स्ट्रोक इंजिन किटबद्दल एक सल्ला मोबाइलवर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: 'कंपनीने इंजिनाचा गळा आवळून ठेवलाय. एअर फिल्टर काढा, सायलेन्सरची आतली जाळी फेकून द्या, सिलिंडरचे दोन्ही पोर्ट कानशीने मोठे करा, पिस्टनचा स्कर्ट थोडा कापा. हवा जास्त आत, धूर लवकर बाहेर. ताकद दुप्पट, स्पीड साठ, ॲव्हरेजही वाढतं, आणि खर्च शून्य.'

खर्च शून्य हे खरं आहे, पिस्टन सीज होईपर्यंत, म्हणजे सिलिंडरात चिकटून बसेपर्यंत. बाकीचं एकेक करून बघू.

आधी इंजिन कोणतं ते. बाजारात '८० सीसी' म्हणून मिळणाऱ्या चिनी किटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३८ मिलिमीटर असतो. त्याचं घनफळ काढलं की ६६ सीसी येतात. काहींचा स्ट्रोक ४० असतो, तेव्हा ६९. ऐंशी कुठल्याच हिशेबाने होत नाहीत. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. हवा घेणं, ती वर चढवणं आणि धूर सोडणं ही तिन्ही कामं पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भोकांची, म्हणजे पोर्टची, उघडझाप करून करतो. त्या सल्ल्यातली गफलत इथूनच सुरू होते, कारण त्याला फक्त भोकाचा आकार दिसतो, भोक कधी उघडतं आणि कधी मिटतं हे दिसत नाही.

'सायलेन्सर रिकामा केला की धूर लवकर निघतो.' निघतो ना. पण त्याच्यामागोमाग ताजं पेट्रोलही निघतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल मिसळलेली ताजी हवा सिलिंडरात शिरत असताना एक्झॉस्टचं, म्हणजे धूर सोडणारं, भोक उघडंच असतं. पिस्टन वर येताना आधी ताजी हवा आत आणणारे ट्रान्स्फर पोर्ट मिटतात, एक्झॉस्ट सगळ्यात शेवटी. एसटीची दोन्ही दारं उघडी ठेवून पुढून माणसं चढवावीत आणि घंटी वाजायच्या आत त्यातली काही मागच्या दाराने उतरून जावीत, तसा हा प्रकार. मागच्या दाराशी कुणीतरी उभं राहून त्यांना परत आत ढकलायला हवं, आणि ते काम सायलेन्सरकडून करून घेता येतं.

ते होतं कसं? पोर्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपमध्ये धावते. पाइप रुंदावतो तिथून ती ओढ बनून परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पुढे पाइप अरुंद होतो तिथून ती दाब बनून उलटते आणि बाहेर पडलेलं ताजं मिश्रण, पोर्ट मिटायच्या ऐन आधी, पुन्हा सिलिंडरात कोंबते. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या रेसिंग विभागात वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र इतकं मुरवलं, की १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे घेऊन गेला आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. नुसत्या उघड्या नळीने ताकद वाढली असती तर एवढ्या हेरगिरीची गरजच नव्हती.

आता हाच हिशेब आपल्या सायकलला लावू. पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या ३६० अंशांच्या एका फेरीत एक्झॉस्ट साधारण १६० अंश उघडा राहतो असं धरा. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, हे १६० अंश साडेचार मिलिसेकंदांत संपतात. गरम धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. तेवढ्या वेळात जाऊन परत यायचं, तर पिस्टनपासून पाइप अरुंद होऊन लाट उलटते तिथपर्यंतची लांबी एक मीटरच्या थोडी वरच हवी. ऑनलाइन मिळणारे हातभर लांबीचे चकचकीत 'रेसिंग एक्स्पान्शन चेंबर' (असेच रुंद होऊन अरुंद होणारे पाइप) मोजून बघा. ४० सेंटिमीटरचा पाइप याच हिशेबाने सोळा हजार आरपीएमच्या वर कामाला येईल. या इंजिनाचा क्रँक त्याच्या कितीतरी आधी राम म्हणेल. तरी तो लावल्यावर फरक वाटतो, कारण आवाज वाढतो आणि आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो.

सल्ल्यात अर्धं सत्य आहे ते इथे सांगून टाकतो. मूळ सायलेन्सरच्या आतल्या नळीचं शेवटचं भोक बऱ्याच किटमध्ये खरोखर बारीक असतं आणि ऑइलच्या काजळीने ते आणखी बुजतं. ते साफ करणं, थोडं मोठं करणं योग्यच. अहमदनगरची लुना १९७२ मध्ये आली, त्या काळापासून गल्लीतले मेकॅनिक सायलेन्सर काढून, आगीत लाल करून, ठोकून काजळी पाडत आलेत. गाडी पुन्हा नव्यासारखी खेचायची. पण ते जाळी साफ करून परत बसवायचे, फेकून द्यायचे नाहीत.

'पोर्ट मोठे करा.' कोणत्या बाजूला? एक्झॉस्टची वरची कड १ मिलिमीटरने चढवली तर पोर्ट उघडा राहण्याचा काळ सुमारे सहा अंशांनी वाढतो. म्हणजे जळणारा वायू पिस्टनला ढकलत असतानाच दार उघडलं, आणि वर येताना दाबायला मिश्रणही कमी उरलं. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होऊ शकतो, खाली मात्र इंजिन मेंगळट होतं. सायकलला गिअर एकच. चौकातून निघताना आणि चढावर जी ताकद लागते नेमकी तीच गेली. रुंदीचंही तसंच. मधे पट्टी नसलेला पोर्ट बोअरच्या ६५ टक्क्यांच्या पलीकडे नेऊ नये असा ट्यूनिंग करणाऱ्यांचा जुना दंडक आहे. ४७च्या बोअरला ते जेमतेम ३० मिलिमीटर होतात. त्यापुढे गेलात, किंवा घासलेली कड तिरकी करायला (चॅम्फर द्यायला) विसरलात, की पिस्टनभोवतीची रिंग भोकात फुगते, अडकते आणि मोडते. रिंग जागेवर धरणारी पिन कुठून जाते हे न पाहता कानस चालवणाऱ्याला तर देवच तारो.

'स्कर्ट कापा.' स्कर्ट म्हणजे पिस्टनचा खालचा घेर. इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा पोर्ट, याच खालच्या कडेने उघडतो, त्यामुळे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या क्षणाच्या आधी जितका उघडतो तितकाच नंतरही उघडा राहतो. १ मिलिमीटर कापलं की दोन्हीकडे तीन-तीन अंश वाढले. कमी वेगात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली (पिस्टनखालच्या कप्प्यातली) हवा याच उघड्या वाटेने कार्ब्युरेटरमधून उलट बाहेर थुंकली जाते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं दिसतं ते हेच. हे थांबवायला रीड व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लागते. आणि चुकून एक्झॉस्टच्या बाजूचा स्कर्ट कापला, तर पिस्टन वर असताना एक्झॉस्ट थेट क्रँककेसला जोडला जातो. मग गाडी सुरूच होत नाही, आणि का होत नाही हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं.

'फिल्टर काढा.' कार्ब्युरेटरचं तोंड दीड-दोन चौरस सेंटिमीटरचं. साध्या फोमच्या फिल्टरचं क्षेत्रफळ त्याच्या कितीतरी पट. स्वच्छ फिल्टर या इंजिनाला अडवत नाही. मग काढल्यावर गाडी चटपटीत का वाटते? ही किट बहुधा जास्त पेट्रोल सोडणाऱ्या जेटसकट येतात; जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. फिल्टर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि थोडा वेळ इंजिन खुलतं. तेच काम मेन जेट एक नंबर लहान करून किंवा कार्ब्युरेटरमधल्या सुईची (नीडलची) क्लिप एक खाच वर घेऊन होतं, तेही फिल्टर जागेवर ठेवून. उलट जेट आधीच बरोबर असेल तर मिश्रण गरजेपेक्षा पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं, त्यामुळे पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी. प्लग पांढरा पडतो आणि पुढच्या लांब उतारावर पिस्टन चिकटतो. शिवाय इथे हवा थेट सिलिंडरात जात नाही, आधी क्रँककेसमधून जाते. रस्त्यावरची धूळ पहिल्यांदा कनेक्टिंग रॉडची बेअरिंग खाते, मग रिंगा.

आत आरशासारखं पॉलिश करण्याबद्दल एवढंच: एक्झॉस्टला करा, काजळी कमी धरते. इनटेकला तो वेळ वाया.

मग काही करूच नये का? करावं, आणि त्याला खर्चही फार नाही. इनटेकचं नळकांडं, गॅस्केट आणि सिलिंडरचं भोक एकावर एक ठेवून बघा. गॅस्केटची कड आत डोकावते, ओतकामाची खरबरीत धार वाटेत येते, नळकांड्याचं तोंड पोर्टपेक्षा वेगळ्या आकाराचं असतं. या पायऱ्या घासून सपाट करा. एक्झॉस्टच्या गॅस्केटचंही तेच. जोडाचे पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, कारण तिथून हवा चोरली जाते आणि जेट कितीही बदलले तरी बसत नाहीत. ट्रान्स्फरच्या वाटांतला ओतकामाचा कचरा काढा. पोर्ट कधी उघडतो-मिटतो ते ठरवणाऱ्या कडांना हात लावू नका. सिलिंडर परत बसवण्याआधी रॉकेलने धुवा, नाहीतर घासलेल्या धातूचा चुरा तेच काम करेल जे धुळीने केलं असतं.

राहिला साठचा स्पीड. आतला गिअर २० आणि ८२ दातांचा, बाहेर १० आणि ४४चे स्प्रॉकेट. इंजिन अठरा फेऱ्या फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. २६ इंची चाकाला ५००० आरपीएमला ताशी ३४ किलोमीटर मिळतात. साठसाठी ८७०० आरपीएम लागतील. मागचं स्प्रॉकेट लहान लावून आकडा गाठायचा म्हटलं, तर हवेचा विरोध आडवा येतो. चाळीसवरून साठवर जाताना त्याला पुरून उरायला लागणारी ताकद तिपटीहून जास्त होते. समजा मिळाली. थांबवायला सायकलचेच रबरी ब्रेक आहेत.

ॲव्हरेजचा मुद्दा वर सायलेन्सरपाशीच निकालात निघाला: जे पेट्रोल न जळता बाहेर जातं ते किलोमीटर देत नाही.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कधीच नसते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनालाच मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे. ६६ सीसी त्यात बसत नाही. म्हणजे नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं आणि घरी जोडलेल्या किटला नोंदणी मिळवणं जवळपास अशक्य. जाळी काढलेला सायलेन्सर चौकातल्या हवालदाराला दोन गल्ल्या आधी कळतो.