सोफ्यावर बसून राजकारण पाहणाऱ्याचं उत्तर

'हाऊस ऑफ कार्ड्स' या अमेरिकी राजकारणावरच्या मालिकेबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगल्या वीस ओळी लिहिल्यात, खाली नाव तेवढं लिहिलं नाहीत. असो. 'असं कुठे घडतं का' म्हणून काही समीक्षकांनी या मालिकेला नाकं मुरडली ती उगाच, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर तुमचं वाक्य असं: 'एकाही मतदाराने मत न देता माणूस राष्ट्राध्यक्ष होतो हे ज्याला खरं वाटतं, त्याने राजकारण फक्त सोफ्यावर बसून पाहिलेलं असतं.'

आधी चूक कबूल करतो. पहिला अख्खा सीझन डेव्हिड फिंचरने दिग्दर्शित केला, असं मी लिहिलं होतं. त्याने पहिले दोनच भाग केले. दुरुस्त केलंय. आभार.

आता सोफा. पटत नसेल तर 'पटत नाही' म्हणा, वाद घाला, मजा येते. माणसाची लायकी कशाला काढायची? आणि काढायचीच तर निदान जेराल्ड फोर्ड हे नाव आठवून मग काढायची. 1973 मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांनी राजीनामा दिला. पंचविसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या पदासाठी फोर्ड यांचं नाव सुचवलं, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन यांनीही राजीनामा दिला आणि फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. तोवर त्यांना मतं दिली होती ती मिशिगनमधल्या एका मतदारसंघाने, तीही खासदारकीसाठी. मालिकेचा नायक फ्रँक अंडरवुड नेमका याच जिन्याने वर चढतो. तो खून करतो, फोर्ड यांनी केले नाहीत, हा फरक मला मान्य आहे.

अंडरवुड सुरुवातीला प्रतोद असतो, म्हणजे पक्षाच्या सदस्यांची मतं जुळवून आणणारा. आणि प्रतोद म्हणजे काय हे मला मालिकेने शिकवलेलं नाही. मी नववीत असताना आमच्या गावच्या सरपंचावर अविश्वास ठराव आला. तेव्हा सरपंच सदस्यांतूनच निवडायचे. नऊ सदस्य, ठरावाला सहा हवे होते. वडील त्या सहांतले एक. रात्री साडेदहाला दारात जीप आली आणि वडील 'सहलीला' गेले. आईने घाईघाईत पिशवीत टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या घातल्या, चष्मा घरीच राहिला. चौथ्या दिवशी ते थेट ग्रामपंचायतीत उतरले, सही कुठे करायची ते दुसऱ्याने बोट ठेवून दाखवलं आणि ठराव पास झाला. घरी आले तेव्हा अंगावर नवा शर्ट होता. तो कुणी घेतला, हे आईने विचारलं नाही, मीही नाही. गावातल्या एकाही माणसाने मत न देता त्या दुपारी गावाचा कारभारी बदलला. हे सगळं मी सोफ्यावरून पाहिलं नाही हो. आमच्याकडे तेव्हा सोफा नव्हता, दिवाण होता. अंडरवुड एकेकाचं मत मोजत फिरतो तेव्हा मला तो शर्ट दिसतो. तुम्हाला नसेल दिसत.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. तिसऱ्या सीझनपासून मालिका ढिली पडली म्हणता; असेल, माझा लेख पहिल्या दोनांवर होता. अंडरवुडला तोडीस तोड विरोधकच नाही म्हणता. हा रुचीचा प्रश्न आहे. 'रात्रभर जागून पाहिली म्हणजे चांगली नव्हे, वेफर्सचं पाकीटही संपेपर्यंत सुटत नाही' ही उपमा मजेशीर आहे, पुढे जाऊ.

शेवटी 'मूळ ब्रिटिश मालिका तरी पाहिली आहे का?' असं जरा खवचटपणेच विचारलंत. पाहिली आहे. बीबीसीची, 1990 ची, इयन रिचर्डसनवाली. चार भाग. एका बैठकीत संपवली.