किती चाललीय?

परवा कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्रोग्राम झाला आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचे २१ फोटो आले. त्यातल्या चार फोटोंत मी आहे, पण फक्त मानेच्या वर. कारण सेक्रेटरी बाईंनी ऐन वेळी माझ्यापुढे स्पॉन्सरचा फ्लेक्स उभा केला, एका दातांच्या डॉक्टरांचा, त्यामुळे बत्तीस दात दाखवणारी एक बाई आणि तिच्या टाळूतून उगवलेलं माझं डोकं असं ते दृश्य आहे. "तुमचं काही नाही हो," बाई म्हणाल्या, "पण ते गिटार फोटोत फार कळकट दिसतं."

कळकट! १९९६ साली नऊ हजाराला घेतलेली सेकंडहँड जपानी बेस गिटार आहे ती. त्या नऊ हजारात आईच्या पाटल्यांचा काय वाटा होता ते इथे सांगत बसत नाही. ऑर्केस्ट्रा, हळदी, गणपती, एका आमदाराचा वाढदिवस, सगळं केलंय तिनं. बरं, बेसवाल्याला तसंही कोणी विचारत नाही, साउंडवाला आल्या आल्या "बेस थोडा कम करो" म्हणतो, मी तार छेडायच्या आधीच म्हणतो, आणि प्रोग्राम झाल्यावर कोणीतरी येऊन विचारतं की उरलेल्या दोन तारा कधी तुटल्या (बेसला मुळात चारच तारा असतात). म्हणजे ऐकू तर येत नव्हतोच, आता दिसायलाही नको.

तर मनात आलं, रंग देऊनच टाकू. दादरच्या एका कारागिराला फोन केला, तो बावीस हजार म्हणाला, महिना लागेल म्हणाला. बायको म्हणाली त्यात सोफा होईल. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजचा पत्ता मिळाला. मेट्रोच्या खोदकामानं तीन हात नाक्याला तीनशे हात झालेत त्याबद्दल वेगळं लिहीन, पण खांद्यावर बेस घेऊन रिक्षात पाऊण तास बसलो एवढं लक्षात असू द्या.

पेंटरनं टकटक करून बघितलं. "पहले पुराना कलर निकालना पडेगा, हीट गन मारके. फिर पुट्टी, प्रायमर, कलर, क्लियर." मला वाटलं याला जरा समजावून सांगावं, हे कारचं दार नाही. म्हटलं, जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं, पातळ, हात लागून लागून झिजायचं. माझ्या बेसवर पॉली आहे, प्लास्टिकसारखा जाड थर, ते झिजत नाही, चहाच्या कपाचा उडतो तसा टवका उडतो. तो म्हणाला, "नायट्रो मतलब एनसी? वो तो पडा है अपने पास. बारिश में सफेद मारता है." मी गप्पच झालो. कारण खरं म्हणजे फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीनं पन्नास-साठच्या दशकात गाड्यांचेच रंग उचलले होते. तिचा प्रसिद्ध फिएस्टा रेड हा मुळात फोर्ड थंडरबर्डचा रंग. म्हणजे मी अगदी योग्य ठिकाणी आलो होतो, हेच मला खटकत होतं.

तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत एक काका बसले होते. काका म्हणजे माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे असतील, पण पावडर लावून, पेन खिशाला, रिटायर झालेल्या माणसाचा तो एक थाट असतो ना, तसे. त्यांची अल्टो बंपरसाठी आली होती. ते उठले, बेसभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितली आणि विचारलं,

"किती चाललीय?"

"काय किती चाललीय?"

"म्हणजे वापर हो. सिंगल ओनर?"

"सेकंडहँड घेतली होती."

"अरेरे." मग आवाज खाली आणून, "अ‍ॅक्सिडेंटची तर नव्हती ना?"

मी म्हटलं काका, हे वाद्य आहे. ते म्हणाले, "दिसतंय ना, पण बॉडी ती बॉडी. रंग दिलात तर रिसेलला फायदा." इथे माझी जीभ सुटली. म्हटलं, उलट असतं! जुन्या फेंडरला नवा रंग दिला तर किंमत साधारण निम्म्यावर येते म्हणतात. तिकडे नव्या कोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, टवके पाडून विकतात आणि लोक जास्त पैसे मोजून घेतात. जेम्स जेमरसन नावाचा मोठा बेसवाला होता, तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. जाको पास्टोरियस नावाच्या दुसऱ्या बेसवाल्यानं १९६२ च्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, उपटून काढले आणि त्या दांडीवर बोटींना लावतात तो इपॉक्सी थापला. जगातला सगळ्यात नावाजलेला बेस असेल तो!

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खराब असलेली महाग?"

"खराब नाही हो. वापरलेली. प्रत्येक खूण ही एका गाण्याची असते."

हे वाक्य मी का बोललो मला माहीत नाही. ऑर्केस्ट्रातला निवेदक अंगात आला असावा. काका खाली वाकले आणि कडेच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यावर बोट ठेवलं. आत चक्क लाकूड दिसतं तिथे.

"हा कुठल्या गाण्याचा?"

आता काय सांगणार. तो खड्डा गॅस सिलिंडरचा आहे. डोंबिवलीहून ठाण्याला येताना टेम्पोत पत्रीपुलावर सिलिंडर आडवा झाला तेव्हाचा. शेजारचा चट्टा मुलीनं स्टिकर लावून मग खरवडला त्याचा. खरोखर वाजवून झालेली एकच खूण आहे, वर जिथे कोपर टेकतं तिथली चमक गेलीय, ती कोणाला दाखवल्याशिवाय दिसतही नाही. मी म्हटलं, "कोळीगीत होतं." काका हं म्हणाले. त्यांना कळलं होतं.

मग ते पेंटरकडे वळले. "माझा बंपर राहू दे रे." पेंटर माझ्याकडे असा बघायला लागला की मीच त्याचं गिऱ्हाईक पळवलं. काका मला समजावू लागले की अल्टो २००९ ची आहे, ओरिजिनल पेंट आहे, आणि माझ्या हिशोबानं त्या ओरखड्यांचे किती होतील. मी म्हटलं गाडीचं तसं नसतं. "का नसतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

या सगळ्यात गॅरेजमधला पोरगा बेसजवळ बसला होता हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यानं रबिंग कंपाउंड आणि बनियनचा तुकडा घेऊन बरोबर कोपराची जागा घासली होती. "सँपल," तो म्हणाला. आता तिथे पुरीएवढा एक गोल आहे, आरशासारखा, आणि त्याच्यामुळे बाकीची सगळी बेस खरोखरच कळकट दिसते. पेंटरनं सँपलचे शंभर मागितले, काकांनी घासाघीस करून पन्नासवर आणले आणि निघताना माझा नंबर घेतला.

लिफ्टमध्ये सेक्रेटरी बाई भेटल्या. गोल बघून म्हणाल्या, "वा, सुरू केलंत वाटतं!"

रात्री काकांचा मेसेज आला. बंपरचा क्लोज-अप, खाली लिहिलं होतं, 'हा माजिवड्याच्या पिलरचा. कोळीगीत नाही.'