डबा बिल्डिंग म्हणू नका तिला

परवा भाचा आला होता, जिना चढता चढताच म्हणाला, आत्या बरं झालं तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातीये, किती डबा बिल्डिंग आहे ही. मी काही बोलले नाही, चहा टाकला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण मीटिंगमध्येही सगळे हेच म्हणतात. आधीच सांगते, मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात नाहीये. कॉलममधलं स्टील गंजलंय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, तो विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा, दोनदा करून झालं तरी वरच्या मजल्यावर गळतंच, लिफ्ट नाही आणि निम्मे मेंबर सत्तरीच्या पुढचे. बिल्डिंग जाणार, जाऊदे. पण ती डबा नव्हती.

१९७४ची आमची पुण्यात सहकारनगरमधली तीन मजली बिल्डिंग. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, मेंबर सगळे शिक्षक नाहीतर बँकेतले क्लार्क, पैसा मोजून मापून. त्यामुळे नक्षी नाही, कमानी नाहीत, काहीच नाही, पण जे आहे ते प्रत्येक कशासाठी तरी आहे. दक्षिणेच्या खिडक्यांवरचा छज्जा बघा, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याची सावली अख्ख्या खिडकीवर पडते आणि डिसेंबरमध्ये सूर्य खाली उतरला की तेच ऊन पार दिवाणापर्यंत आत येतं, आई तिथे बसून शेंगा सोलायची. दारांवर व्हेंटिलेटर आहेत, गरम हवा वर जाऊन तिथून निघून जाते. आणि जिन्याला भिंतच नाही, खालपासून वरपर्यंत सिमेंटच्या ब्लॉकची जाळी. मे महिन्यात भर दुपारी दोनला त्या जिन्यात उभं राहून बघा एकदा, वारा सुरू असतो आणि समोरच्या भिंतीवर चौकोनी चौकोनी उजेड पडलेला असतो, संध्याकाळपर्यंत तो हळूहळू वर सरकत जातो. लहानपणी मी त्याच्यावरून वेळ सांगायचे. ती जाळी ज्याने कोणी आखली असेल त्याने उजेड, वारा, पाऊस आणि खर्च या चारही गोष्टींचा विचार एकाच ब्लॉकमध्ये केलाय, यापेक्षा जास्त सुंदर म्हणजे काय असतं मला खरंच कळत नाही.

नव्या बिल्डिंगचं ब्रोशर आलंय. खाली सोनेरी टोप्यांचे गोल खांब, कशाचंही वजन न उचलणारे, आणि पश्चिमेला पूर्ण काच. पुण्यात पश्चिमेला काच! मग एसी लावा, पडदे लावा, दिवसा दिवे लावा. याला प्रीमियम म्हणतात.

वाड्यांबद्दल आपण पुणेकर किती हळहळतो, आणि ते बरोबरच आहे. पण स्वातंत्र्यानंतर जे साधं, सरळ रेषांचं काँक्रीटचं काम झालं त्याच्याकडे कोणी बघतच नाही, ते सगळं परदेशातून आणलेलं आणि रुक्ष असं धरून चालतात. अहो, आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे, १९१६चा जन्म, मुंबईला जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकले आणि मग हार्वर्डला थेट ग्रोपियसकडे, ज्या ग्रोपियसने १९१९ला जर्मनीत बाउहाउस ही डिझाइनची शाळा काढली त्याच्याकडे. आयआयटी कानपूर कानविंद्यांचं आहे. किती मराठी लोकांना माहितीये?

आणि लांब कशाला, पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे ना. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी उघडतात तेव्हा मुलांना घेऊन जा, आणि नुसते प्रयोग बघून परत येऊ नका, भिंती बघा. खाली आपला इथलाच काळा बेसॉल्ट, त्याच्यावर कडप्पा, त्याच्यावर पॉलिश केलेला ग्रॅनाईट, काळ्यावर काळं आणि अजून काळं, वर बघत गेलं की नजर आकाशातच जाते. मधल्या चौकात कुंडासारख्या पायऱ्या आणि चार कोपऱ्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक गोष्ट एकदम लक्षात आली की हा तोच कडप्पा जो आमच्या ओट्याला आहे, ज्याच्यावर आई पोळ्या लाटायची. तिथून घरी आल्यावर मी आमचा ओटा वेगळ्या नजरेने बघायला लागले, खोटं नाही सांगत.

मग सगळंच दिसायला लागतं. कुकरचं झाकण, ते आतून बसणारं, वाफेचा दाबच त्याला घट्ट धरतो, केवढी हुशारी आहे ती. कॅम्पातल्या इराण्याकडची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, तिचं मूळ म्हणजे थोनेट या फर्निचरवाल्याची १८५९ची खुर्ची, ६ भाग, १० स्क्रू, २ नट, बास. बाबांची चेतक, आकुर्डीचीच, पत्र्याची बॉडीच तिची चौकट, आणि पुढचं मागचं चाक सारखंच, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चालायची. आणि आपला तांब्या! चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले एवढे मोठे डिझायनर नवरा-बायको, सरकारने बोलावलं म्हणून आले, देशभर फिरले आणि १९५८च्या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं तर तांब्याचं. त्याच रिपोर्टवरून पुढे १९६१ला अहमदाबादला एनआयडी हे डिझाइनचं कॉलेज सुरू झालं. कमरेवर कसा बसतो, ओतताना पाणी कसं पडतं, रिकामा झाला की तोल कुठे जातो, असे प्रश्न त्यांनी विचारले. आपण रोज हातात धरायचो, कधी विचारलं?

मला साधेपणा गरिबीमुळे आला असं म्हटलेलं चालतं, आमच्या बिल्डिंगच्या बाबतीत ते खरंच आहे. पण पैसे कमी होते म्हणून विचार जास्त केला गेला, आता पैसे आहेत आणि विचार ब्रोशरवाल्याकडे दिलाय, याचं मला वाईट वाटतं. चंदीगडच्या सरकारी ऑफिसांतल्या सागवानाच्या, वेताच्या खुर्च्या, तिथले आर्किटेक्ट पिएर जाँनरे यांच्या, भंगार म्हणून काढल्या आपण, आणि आज परदेशातल्या लिलावात त्यांना लाखो रुपये मिळतात.

मागच्या मीटिंगला मी उभी राहून सांगितलं, जिन्याच्या जाळीचे ब्लॉक नीट काढा आणि नव्या पार्किंगच्या भिंतीत लावा, वारा तिथेही लागणारच आहे. कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काल आर्किटेक्टला फोन केला, मुलगा चांगला आहे, म्हणाला काकू, काढताना निम्मे तरी फुटतील. म्हटलं निम्मे राहिले तरी लाव.