टुरिस्ट व्हिसावर इराक? पोट्टेहो, थांबा!

‘इराकमधली लढाई संपली. टुरिस्ट व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिथंच होतो. दहावी पासला सरकारी मंजुरी लागत नाही. पासपोर्ट कंपनीत जमा, चोरीची भीती नाही. काही झालंच तर सरकार विमान पाठवते. खर्च फक्त दीड लाख.’ पुसद-दिग्रसकडे फिरणारा हा मेसेज भाच्यानं मलाच पाठवला, वरून विचारतो, ‘मामा, वावर गहाण ठेवू का?’ नको रे बाप्पा.

विमानाचं आधी, कारण त्याच भरवशावर पोरं निघतात. अर्धं खरं आहे, मान्य. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रीतला अडकलेल्या ४६ परिचारिका सुखरूप परतल्या. पण त्याच जूनमध्ये मोसुलमधून ४० भारतीय कामगार पळवले गेले. एक निसटला, ३९ मारले गेले. घरच्यांना खात्रीनं कळायला मार्च २०१८ उजाडला. अवशेष घेऊन आलेले तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह म्हणाले होते की ही माणसं एजंटामार्फत बेकायदा गेली होती, दूतावासाकडे त्यांची नोंदच नव्हती. ज्याची नोंद नाही त्याला शोधायचं कुठं?

टुरिस्ट व्हिसावर नेमकं हेच होतं. त्यावर काम करणं बेकायदा. मुदत संपली की दंड चढतो, देश सोडायची परवानगी अडते, आणि हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. मग पगार थकला तरी बोलता येत नाही. त्यात पासपोर्ट त्याच्या कपाटात! चेकपोस्टवर दाखवायला काही नाही, आणि पळायची वेळ आली तर आधी बगदादचा दूतावास किंवा एर्बिलचं वाणिज्य दूतावास गाठून परतीचा तात्पुरता दाखला मिळवायचा. रहिवासी परवान्यासाठी कंपनीनं पासपोर्ट मागितलाच तर तारखेची पोच घ्या. पासपोर्ट-व्हिसाची एक झेरॉक्स घरी, एक स्वतःजवळ, फोटो ईमेलवर.

दहावी पासला मंजुरी लागत नाही, हे खरं. कामाचा व्हिसा मात्र त्यालाही लागतो. दहावी न झालेल्याला कामासाठी इराकला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवरून मंजुरी घ्यावीच लागते. तिच्यासोबत दोन वर्षांचा १० लाखांचा अपघाती विमा फक्त २७५ रुपयांत होतो. टुरिस्टला यातलं काहीच नाही.

लढाई संपली म्हणता? निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, आणि करारात कामाचं शहर लिहून घ्या.

दीड लाख तर सरळ लूट. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क ३०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० पर्यंतच घेता येतं, तेही पावतीवर. त्याचा लायसन्स नंबर ई-मायग्रेटवर तपासा. ‘नंबर उद्या पाठवतो’ म्हणाला तर फोन ठेवून द्या.