पाण्याच्या थेंबाविना खाण बुडवायची कशी?

खाण बुडवायची तर वाळवंटात पाणी कुठून आणायचं, ही शंका मनातून काढून टाका. नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, डेथ व्हॅलीच्या आसपास, शंभर वर्षांपूर्वी लोकांनी कोरड्या ठणठणीत जमिनीवर एकामागून एक खाणी बुडवून दाखवल्या आहेत. त्यांनाच गुरू करा.

सुरुवात नमुन्यापासून. शहाणे लोक खडकातल्या धातूच्या शिरेवर आडवी, सारख्या रुंदीची खाच दर पाचेक फुटांवर पाडतात, सगळा चुरा गोळा करतात, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकतात आणि उरलेल्याचे पुन्हा चार करतात. यात भाकड दगडही येतो आणि आकडा पडतो. तुम्ही असलं काही करू नका. जिथे पिवळं चमकतंय तिथला मुठीएवढा तुकडा फोडून कस लावायला पाठवा. कस लावणारा प्रामाणिक असला तरी चालेल, किंबहुना असावाच. तो २९.१६६ ग्रॅम चुरा मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर, मुशीत वितळवील. शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत तापवला की शिसं वाटीत जिरेल आणि सोन्याचांदीचा मणी मागे उरेल. मण्यातली चांदी आम्लाने काढली, की जितके मिलिग्रॅम सोनं तितके औंस टनामागे. हिशेब चोख. तो मुठीतल्या दगडाचा आहे, डोंगराचा नाही, एवढं फक्त माहितीपत्रकात लिहायचं नसतं.

आता एक मोठं नाव गाठा. १९०४च्या ऑगस्टात शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस यांना बुलफ्रॉगच्या टेकड्यांत सोनं दिसलं, जवळच ऱ्हायोलाइट गाव वसलं आणि १९०६मध्ये तिथली माँटगोमेरी शोशोन खाण पोलादसम्राट चार्ल्स श्वाब यांनी घेतली. ज्यांनी यूएस स्टीलचं अध्यक्षपद भूषवलं, ते काय डोळे झाकून पैसे टाकतील? असं प्रत्येक भागधारकाला वाटू द्या. म्हणजे तपासायचं काम प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो.

मग खर्च करा, आणि असा करा की परत फिरता येणार नाही. ऱ्हायोलाइटला नळाचं पाणी आलं, वीज आली, रेल्वे आली, ऑपेरा हाउस आणि शेअर बाजारसुद्धा आला. दगड दळायची गिरणी बांधताना तिची क्षमता वरच्या थरातल्या श्रीमंत दगडावर बेतायची, हे विसरू नका. श्रीमंत दगड आधी संपतो. मग तीच गिरणी हलका दगड खात बसते, आणि वीज, पाणी, मजुरी, वाहतूक यांना दगडात सोनं किती याच्याशी काही देणंघेणं नसतं. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला २०.६७ डॉलरवर बांधलेला होता. पाव औंसाचा टन म्हणजे फार तर ५ डॉलर १७ सेंट, तेही सगळं सोनं हाती लागलं तर. ते कधीच लागत नाही. काही दळलेल्या गाळाबरोबर जातं. भाव वाढून सुटका होईल, ही वाटही बंद. यापेक्षा खात्रीची रचना शोधून सापडायची नाही.

एक पथ्य मात्र पाळा. बाहेरचा तज्ज्ञ बोलावू नका. १९०८मध्ये तिथल्या काही भागधारकांना ही दुर्बुद्धी सुचली. अहवाल प्रतिकूल आला आणि एकेकाळी २३ डॉलरला गेलेला, तोवर ३ डॉलरवर घसरलेला शेअर ७५ सेंटवर आला. १९११मध्ये खाण बंद, आणि शेअर चार सेंटवर. १९०७च्या आर्थिक घबराटीलाही थोडा दोष देता येतो, तो जरूर द्यावा.

सोनं महाग वाटत असेल तर तांबं घ्या. जवळच्याच ग्रीनवॉटरचा कित्ता गिरवा, जिथे नावातच काय ते पाणी होतं. प्यायचं पाणी पिंपांतून गाड्यांवर लादून यायचं. तांब्याची एक गंमत आहे. वरच्या थरातलं धातुक, म्हणजे धातू असलेला कच्चा दगड, विरघळून पसरतं आणि मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा पापुद्रा दगडावर चढतो. चिमूटभर तांबं अख्खा कडा हिरवा करू शकतं. खाली धातुक साचलेलं असेलच असं नाही, पण ते कळायला खाणीचा उभा खड्डा शेकडो फूट खाली न्यावा लागतो आणि शेअर त्याआधीच विकले जातात. १९०६-०७मध्ये तिथे कंपन्यांचं पीक आलं, श्वाब इथेही होतेच. १९०९पर्यंत गाव जवळपास ओस.

शिसं हवं असेल तर १९२६चं लेडफील्ड. खाणीचे प्रवर्तक सी. सी. ज्युलियन यांनी गुंतवणूकदारांना रेल्वेने आणून जेवू घातलं. पोस्ट ऑफिस ऑगस्टात उघडलं, पुढच्या जानेवारीत बंद.

राहिला कंपनीच्या इमारतीचा प्रश्न. ऱ्हायोलाइटच्या कुक बँकेच्या तीन मजल्यांच्या आज नुसत्या भिंती उरल्या आहेत. लाकूड मिळेना म्हणून टॉम केली यांनी १९०६मध्ये गुत्त्यांतल्या हजारो रिकाम्या बाटल्या चिखलात रचून बांधलेलं घर मात्र शाबूत आहे. तेव्हा बाटल्या फेकू नका.