ढोलाला दिवे कशाला?

गणपती जवळ आले की आमच्या पुण्यातल्या जुन्या ढोल-ताशा पथकाचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो. यंदा वाद पेटलाय तो दिव्यांवरून. ढोलाच्या कडेला एलईडीच्या पट्ट्या लावायच्या, ध्वजाच्या काठीवर दिवे गुंडाळायचे आणि अलका चौकात एका ठोक्यावर सगळं एकदम लखलखवायचं, अशी कुणाची तरी कल्पना. परंपरावाले एका बाजूला, काळाबरोबर चला म्हणणारे दुसऱ्या. इथवर ठीक होतं. मग एकाने अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेच्या बँडचा व्हिडिओ टाकला. मैदानावर मिट्ट काळोख आणि शंभरेक मुलांच्या गणवेशावरचे दिवे ड्रमच्या तालावर रंग बदलतायत. खाली लिहिलं होतं, "बघा, जग कुठे गेलं!"

माझं डोकंच फिरलं. ज्या जगाचा दाखला दिला जातोय तिथे मी राहते. असल्या पट्ट्या मी स्वतः मुलांच्या बाह्यांना चिकटवल्या आहेत.

मी इंडियानापोलिसला असते. ऑगस्टमध्ये लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअरची, म्हणजे बिगुल-ढोलांच्या पथकांची, अंतिम फेरी होते आणि नोव्हेंबरमध्ये तिथेच शाळांच्या बँड्सची राष्ट्रीय स्पर्धा. माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन, म्हणजे फुंकून वाजवायचं एक पितळी वाद्य, वाजवते. आम्ही पालक प्रॉप्स ढकलतो, गणवेश सांभाळतो, शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल सामन्याला खाण्याच्या स्टॉलवर नाचोज विकतो.

आता त्या काळोखातल्या खेळाबद्दल. तो कुठल्या कलाविचारातून वगैरे आलेला नाही. मैदानांवर पूर्वी मेटल हॅलाइडचे दिवे असायचे. ते एकदा विझवले की गार होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं लागायची, म्हणून सामन्याच्या हाफटाइमला, बँड मैदानात उतरतो तेव्हा, कुणी बटण बंद करायच्या भानगडीत पडत नसे. खांबांवर एलईडी आले, बटण दाबलं की उजेड, बटण दाबलं की काळोख, आणि काळोख करायची हौस सुरू झाली. शुक्रवारच्या गर्दीला ते आवडतं. मलाही पहिल्यांदा आवडलं होतं.

पण बाहीवरची ती पट्टी जवळून बघा. बॅटरीची डबी कमरेला घामाने सरकते. वाद्य तोंडाशी नेलं की कोपर वाकतं, आणि तार तुटते ती नेमकी कोपराशी. एका कार्यक्रमात माझ्या मुलीची पट्टी मधेच विझली. ती चालत होती, वाजवत होती, रांगेत अगदी जागेवर होती, पण स्टँडमधून दिसत नव्हती. रांगेत एक काळी फट, बस्स. उलट जिचं पाऊल चुकत होतं ती मुलगी झगझगीत दिसत होती आणि तिचं पाऊल मात्र कुणालाच दिसत नव्हतं. उन्हाळाभर डांबरी पार्किंग लॉटवर उन्हात घोटलेलं पाऊल, ते दिव्यांनी गिळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. वाजवणाऱ्याच्या अंगावर दिवे लावले की वाजवणारा माणूस दिसेनासा होतो.

आणि इथे हा प्रश्न सुटलेला आहे, असं कृपा करून कुणी समजू नये. ड्रम कोअर म्हणजे मुळात माजी सैनिकांच्या संघटनांची बिगुल-ढोलांची पथकं. 1972 साली त्यांची ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. 2000 साली जुन्या जी स्वराच्या बिगुलांची सक्ती गेली, 2004 मध्ये मायक्रोफोन आले, 2009 मध्ये सिंथेसायझर. दर वेळी जुनी मंडळी म्हणाली की आता संपलं सगळं. दिव्यांवरूनही भांडण आहेच. स्पर्धेत 100 गुणांपैकी 40 गुण कार्यक्रमाच्या एकूण परिणामाला असतात, मग परिणाम विकत घेता येतो का, असा प्रश्न विचारणारे शिक्षक मला माहीत आहेत. बॅटरीवर चालणारे, वायरलेस दिवे महाग असतात. ज्या गावात ट्यूबा दुरुस्त करायला पैसे नाहीत तिथल्या मुलांनी काय करायचं? शिवाय उन्हाळ्यातले कितीतरी कार्यक्रम लख्ख उजेडात सुरू होतात. तिथे दिवे कोण बघतो? तिथे उरतात फक्त पावलं आणि फुंक.

ग्रुपवर आणखी एक घोटाळा चालतो, लेझर आणि रोषणाई एकाच पोत्यात भरण्याचा. 2023 च्या विसर्जनानंतर नेत्रपटलाला इजा झालेली तरुण मुलं पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांकडे आली. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली आणि ते योग्यच झालं. इथे अमेरिकेत मोठ्या ताकदीचा लेझर शो करायचा तर एफडीएची, म्हणजे इथल्या अन्न व औषध प्रशासनाची, खास परवानगी लागते. नेहमीचा नियम असा, की किरण प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किमान 3 मीटर वर आणि बाजूने 2.5 मीटर लांब राहिला पाहिजे. उघड्यावर असेल तर विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं. नियम आहे म्हणून लोक पाळतात. आपल्याकडे आधी कुणाचा तरी डोळा जावा लागतो. हे लिहिलं की मी तिकडची शहाणी ठरते, ठरू दे. डोळा कुठल्याही देशात एकदाच जातो.

परंपरावाल्यांचंही मला पटत नाही. दिवे ही पाश्चात्त्यांची नक्कल म्हणे! मशाली, पलिते, डोक्यावरच्या गॅसबत्त्या यांच्याशिवाय आपली कुठली मिरवणूक निघत होती? 2022 पर्यंत दगडूशेठचा रथ विसर्जनाच्या रात्री निघायचा, तेव्हा तो बघायला लोक लक्ष्मी रोडवर तासन् तास उभे राहायचे ते रोषणाईसाठीच. रथावर हवी तेवढी रोषणाई करा. ढोल मोकळा ठेवा.

ढोलाचं देखणेपण हातात आहे. टिपरू वर जातं तेव्हा सगळ्या रांगेची टिपरी एका उंचीला थांबतात, आणि मग हाताची थापी आणि टिपरू मिळून ढोलाच्या पानावर कोसळतात. पांढरे सदरे घामाने पाठीला चिकटलेले असतात. बोटांना चिकटपट्ट्या असतात. कमरेला दोर काचून वळ उठतो, तो दसऱ्यापर्यंत जात नाही. ताशेवाल्याने मान हलवली की हात बदलायचा, आणि ती मान दिसायला साधा रस्त्यावरचा दिवा पुरतो. लुकलुकणाऱ्या पट्ट्या लावल्यात तर मागच्या रांगेला ती मान दिसणार नाही. 2024 मध्ये हरित लवादाने एका पथकात 30 च माणसं अशी मर्यादा घातली, तेव्हा याच ग्रुपवर सगळे एकदिलाने चिडले होते, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा पेढ्यांचे फोटो आले. इतकी माणसं हवीत म्हणून भांडलात ना? मग ती माणसं दिसू द्या.

हे मी ग्रुपवर लिहिलं, त्यावर उत्तर आलं, "तू तिकडे बसून सांगू नकोस. इथली गर्दी, इथली स्पर्धा, इथले वर्गणीदार तुला काय माहीत?" लागलं मला ते. कारण इथे लुकास ऑइलमध्ये मी बसते तेव्हा ड्रमलाइन, म्हणजे ड्रमवाल्यांची रांग, सुरू झाली की माझे कान ताशा शोधतात. स्नेअर ड्रमची तडतड अप्रतिम असते, पोरं जीव तोडून वाजवतात, मी टाळ्या वाजवून हात लाल करते. तरी ते माझ्या मुलीचं आहे. तिच्या कानांना काही शोधावं लागत नाही. माझं म्हणता येईल असं वाजवणं एकच आहे आणि ते लक्ष्मी रोडवर आहे. मी तिथे नसताना ते बदलतंय, हे मला सहन होत नाही. त्यातला किती भाग कलेचा आणि किती माझ्या दुराव्याचा, हे वेगळं करायला मला जमत नाही आणि करायचंही नाही. दोन्ही खरं आहे.

आणि मी नुसती बसलेली नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळींचं छोटं पथक आहे. फायबरची पानं, मोकळ्या पार्किंग लॉटवर सराव, शेजाऱ्यांना आधी चिठ्ठ्या. गंमत म्हणजे तिथेही हाच प्रस्ताव आला आहे: इथल्या लोकांना दिवे आवडतात, परेडमध्ये आपण उठून दिसू. उठून दिसायचं असेल तर टिपरू एका उंचीला आणा, असं मी तिथे सांगितलं आणि दोघी-तिघी माझ्यावर रुसल्या. शनिवारी विषय पुन्हा निघणार आहे. मी पुन्हा नाहीच म्हणणार आहे.